नवसाची कटलेटं

हिराने उलथनं हलकेच खाली सरकवलं आणि कटलेट उलटायला गेली, तर वरचा निम्मा भाग उलथन्यावर आला आणि खालचा तव्यालाच धरून बसला. बाजूच्यांची गतही तीच झाली. बघता बघता तव्यात नुसता बेसनाचा पिवळा चुरा उरला. होतं नव्हतं ते खोबरेल त्या चुऱ्याने पिऊन टाकलं आणि वर धूर सुटला.

"करपला गो काय?" ओटीवरून सासूने, सुगंधाने विचारलं.

"नाय आये, होत इला," हिरा म्हणाली आणि चूल बारीक केली.

त्यातल्या त्यात धड दिसणारा एक तुकडा तिने बशीत घेतला. बाजूला कैरीचं लोणचं वाढलं आणि बशी ओटीवर नेली. सुगंधा खांबाला पाठ लावून, पाय पसरून बसली होती. पावलं सुजून गुळगुळीत झाली होती, आणि वरचं अंग मात्र असं वाळलेलं, की ते पाय दुसऱ्याच कुणाचे वाटावेत. तिने तुकड्याचा कोपरा मोडला, तोंडात टाकला, इकडचा तिकडे फिरवला आणि मग पदराआड तोंड करून बशीच्या कडेला काढून ठेवला.

"पीठ कच्चा लागता," ती म्हणाली. रागाने नव्हे. पाहुण्याने यजमानाला वाईट वाटू नये म्हणून बोलावं, तसं. "ऱ्हांव दे. माका भूक नाय."

माका भूक नाय. हे ऐकून ऐकून हिराचे कान किटले होते. ती बशी घेऊन आत आली, तो तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला आणि तिलाही तो गिळवेना. पीठ कच्चंच होतं.

सुगंधाचा मुलगा, म्हणजे हिराचा नवरा सुदेश, गणपती विसर्जनानंतरच्या वाऱ्यात समुद्रावर गेला होता. होडीत तिघे होते. वारा फिरला तेव्हा सुदेश जाळं कापायला नाळीकडे, होडीच्या पुढच्या टोकाला गेला आणि त्याच क्षणी होडी कलंडली. धोंडू आणि दुसरा एक खलाशी डिझेलच्या रिकाम्या कॅनला धरून तरंगत राहिले. त्यांना देवगडच्या एका लाँचने उचललं. सुदेश कुणाला दिसलाच नाही. मग होड्या शोधायला गेल्या, वरून हेलिकॉप्टर फिरलं, पोलीस येऊन लिहून घेऊन गेले. हळूहळू सगळेच आपापल्या कामाला लागले. समुद्र निवळला आणि बांगडा असा पडला, की जेट्टीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. लोक म्हणाले, यंदाचं वर्ष बरं गेलं.

शोध थांबल्याचं कळलं त्या दिवशी सुगंधा उठली, डोक्यावरून पदर घेतला आणि कुणकेश्वराच्या देवळात गेली. मागून हिरा होती. उंबऱ्याला हात लावून सुगंधा मोठ्याने बोलली, चार माणसांना ऐकू जाईल अशी. झील, म्हणजे मुलगा, घरी येईपर्यंत मासळी, मटण, अंडं, दूध, दही, तूप यातलं काही तोंडाला लावणार नाही. जे जिवंत आहे आणि जे जिवातून येतं, ते तिला वर्ज्य. गाभाऱ्यापाशी फुलं निवडत बसलेल्या पुजाऱ्यानेही मान वर करून पाहिलं. अशा घरातल्या, अशा वयाच्या बाईने असा नवस बोलावा, हे त्यालाही जड वाटलं असावं.

जड होताच. सुगंधाचं सगळं आयुष्य मासळीवर गेलेलं. दोन्ही वेळ पानात मासा हवा, आणि सोमवारी तो नसायचा म्हणून सोमवारभर तिचं तोंड उतरलेलं. त्यातही तळलेला. रवा लावून असा तळायचा की शेपटीसकट कुडुम कुडुम वाजला पाहिजे. "दाताखाली वाजलो नाय तर तो मासो कसलो," असं म्हणून तिने हिराला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तव्यासमोरून उठवलं होतं आणि स्वतः बसून दाखवलं होतं. अशा बाईने आता पेजेचं पाणी आणि काळा चहा धरला. भाजी तिला कधी आवडली नव्हती. आमटीभात कालवला तर उमासे यायचे. मऊ काही तोंडात गेलं की म्हणायची, आजाऱ्याचं जेवण वाटतं.

विहिरीवर ती भोवळ येऊन पडली तेव्हा हिराने रिक्षात घालून तिला जामसंड्याच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं, सुई दिली, आणि हिराला बाहेर बोलावून सांगितलं की अंगात काही उरलेलं नाही, दूध द्या, अंडं द्या, मासे तर तुमच्या घरचेच आहेत. हिराने नवसाचं सांगितलं.

"मग डाळी द्या, बेसन द्या. कशातही घालून द्या," ते म्हणाले. "पण पोटात गेलं पाहिजे. असंच चाललं तर त्या पावसाळा बघणार नाहीत."

परत येताना रिक्षात सुगंधाचं डोकं हिराच्या खांद्यावर होतं. त्याला वजनच नव्हतं.

घरात आता या दोघीच होत्या. हिराला मूल नव्हतं. मालवणहून तिचा भाऊ अजय येऊन गेला होता. इथे आता कुणासाठी राहतेस, असं त्याने विचारलं नाही, पण तेच विचारायला आला होता. तिने त्याला सांगितलं, हे परत आले की बघू. सांगताना तिच्या लक्षात आलं की तीही त्याच खांबाला पाठ लावून बसली आहे. सुदेश येणार म्हणून सासू जगत होती, आणि सासू जगते आहे म्हणून हिरा सकाळी उठत होती. यातलं एक गेलं तर बाकीच्याचं काय करायचं, हे तिला सुचत नव्हतं.

कटलेटांचं शेजारच्या नम्रताने सुचवलं. किनाऱ्यावरच्या डोंगरावर नवीन झालेल्या रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात ती कामाला होती. तिथे पुण्या-मुंबईची अशी माणसं उतरायची, जी मासळी तर सोडाच, चहात दूधसुद्धा घालून घेत नाहीत.

"तेंका व्हिगन म्हणतत," नम्रता म्हणाली. "तेंच्यासाठी आमी बेसनाची कटलेटा करतंव. वरसून रवो. अशी कुरकुरीत जातत की आजूबाजूचे मासे खाणारेपण मागून खातत."

कुरकुरीत हा शब्द हिराने धरून ठेवला.

नम्रताने सांगितलं ते ऐकायला सोपं होतं. बेसन पाण्यात कालवायचं, गुठळी ठेवायची नाही. आलं, लसूण, मिरची, कोथिंबीर, हळद, मीठ. कढईत घालून ढवळत राहायचं, गोळा कडा सोडायला लागला की ताटाला तेल लावून थापायचा. वड्या पाडायच्या, रवा लावायचा, तळायच्या. पण पहिल्या दिवशी गुठळ्या झाल्या. दुसऱ्यांदा जमेल असं वाटलं, तर सुगंधाने बशी नाकाजवळ नेऊन तशीच परत केली. तव्याला वास येतो, म्हणाली. मासळीचा.

येणारच. त्या तव्यावर वर्षानुवर्षं दुसरं काही तळलंच गेलं नव्हतं. हिराने तो माळ्यावर टाकला आणि बाजारातून नवीन आणला. हातांचं काय करायचं? रोज सकाळी जेट्टीवरच्या लिलावात मासळी घ्यायची, पाटी रिक्षात टाकून जामसंड्याच्या बाजारात दुपारपर्यंत बसायचं, हा तिचा धंदा. नखांच्या कडांत, बोटांच्या बेचक्यांत तो वास मुरलेला. ती राखेने हात घासायची, लिंबाची फोड चोळायची, आणि मग कोरडं बेसन चोळून धुवायची. धुऊन झाल्यावर हुंगायची. देवाचा नवस आहे, तो असा वासाने बाटायला नको, असं तिला वाटे. सासू एवढी कडक झाली याचं तिला नवल वाटे, आणि आतून थोडा रागही येई. मग रागाची लाज वाटून ती पुन्हा पीठ कालवायला घेई.

पण काही केल्या जमत नव्हतं. कधी पीठ कच्चं राही, कधी वड्या तव्यात फुटत, कधी वरून लाल झालेलं कटलेट आत लिबलिबीत निघे. सुगंधा घासभर खाई आणि बशी सरकवी. तिच्या ब्लाउजच्या बाह्या आता हातावर नुसत्या लोंबत होत्या.

असंच एका दुपारी हिराने पीठ शिजवून ताटात थापलं. या खेपेला तिने कढईवर झाकण घालून त्याला चांगल्या वाफा दिल्या होत्या. वड्या पाडायला सुरी हातात घेतली, तेवढ्यात मागच्या दाराशी कुणीतरी खाकरलं. धोंडू होता. सुदेशच्या होडीवरचा, वाचलेला. तो नेहमी पुढून यायचा, ओटीवर सुगंधाजवळ बसून पाणी प्यायचा. आज परसातून, नारळांमधल्या वाटेने आला होता आणि दाराच्या आत पाय ठेवत नव्हता.

"वयनी, जरा भायर येशात?" तो म्हणाला.

हिराने सुरी ताटाच्या कडेला ठेवली. दोघं विहिरीपलीकडे गेली. धोंडूने सांगितलं ते तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. मच्छीमारांच्या सोसायटीत पोलिसांकडून एक फोटो आला होता. कर्नाटकातून. कारवारच्या बऱ्याच खाली एका गावाच्या किनाऱ्याला सुदेश गेल्यानंतर काही दिवसांनी एक प्रेत लागलं होतं. ओळखण्यासारखं काही राहिलं नव्हतं. तिथल्यांनी वाट बघितली, कुणी आलं नाही, मग त्यांनीच अग्नी दिला. अंगावरचे कपडे तेवढे ठेवलेले. त्यांचा फोटो इतक्या महिन्यांनी फिरत फिरत इकडे आला होता.

त्याने फोन पुढे केला. हिराने आधी हात मागे घेतला, मग पदराला पुसून फोन घेतला.

अर्धी चड्डी होती. चिखलाच्या रंगाची झालेली. ती उलटी करून ठेवली होती, आणि आतल्या बाजूला खिसा दिसत होता. खिशाचं कापड वेगळं होतं. निळ्यावर पांढरी फुलं. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवायला आतून खिसा हवा, म्हणून सुदेश मागे लागला होता. तेव्हा हिराने आपल्या जुन्या गाऊनचा तुकडा कापून तो हाताने शिवला होता. असलं फुलाफुलांचं कापड कशाला लावलंस, म्हणून तो हसला होता. दिसतंय कुणाला, असं ती म्हणाली होती.

तिने फोन परत दिला. धोंडू तिच्याकडे बघत नव्हता, विहिरीच्या रहाटाकडे बघत होता.

"तोच मा?" त्याने विचारलं.

"तोच," हिरा म्हणाली.

धोंडू रडायला लागला. हिराला रडू आलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे सासू आली, खांबाला पाठ लावून बसलेली. झील येईपर्यंत, असं ती देवाला बोलली होती. तो येणार नाही हे कळलं की नवस सुटेल, मग ती दूध पिऊ शकेल, अंडं खाऊ शकेल. पण ज्याच्यासाठी ती अजून श्वास घेत होती तोच नाही म्हटल्यावर ते दूध प्यायचं कोणी आणि कशासाठी? सांगावं तर ती आजच जाईल. आणि न सांगावं तर कणाकणाने जाईल.

तिने धोंडूला एवढंच म्हटलं की थोडे दिवस कुणाला बोलू नका, आयेच्या अंगात जरा बळ येऊ दे. तो म्हणाला, गावात बाकी कुणाला तो खिसा ओळखता यायचा नाही, पण पोलिसांपुढे जाऊन जबाब तर द्यावा लागेल. हिराने मान हलवली. तो आला तसाच नारळांमधून निघून गेला.

ती कितीतरी वेळ तिथेच उभी राहिली. मग आत आली. ताटातलं पीठ पार गार होऊन घट्ट बसलं होतं. काय करतो आहोत याकडे लक्ष नसतानाच तिने त्याच्या वड्या पाडल्या. एकही तुटली नाही. सुरी साबणाच्या वडीतून जावी तशी जात होती. तिने रव्यात थोडं तांदळाचं पीठ घातलं, वड्या घोळवल्या आणि तापलेल्या तेलात सोडल्या. तव्याकडे बघत नुसती उभी राहिली. उलथनं घालायची घाईही तिच्यात उरली नव्हती. भानावर आली तेव्हा कडा बदामी झाल्या होत्या. तिने एक उलटलं. अखंड उलटलं. खालची बाजू तांबूस सोनेरी, रव्याचा दाणा न् दाणा वेगळा दिसत होता.

इतके दिवस ते पीठ गरम असतानाच ती कापत होती. त्याला निवायला तिने वेळच दिला नव्हता.

सुगंधाने बशी घेतली. कोपरा मोडला, तोंडात टाकला. आणि हिराला ते दारात उभं राहून ऐकू आलं. कुडुम.

सुगंधाने वर पाहिलं. "हां," ती म्हणाली. "आता वाजता."

तिने ते पुरं खाल्लं. लोणचं लावून दुसरं खाल्लं. मग रिकामी बशी पुढे करून म्हणाली, आसात काय आणखी? हिरा आत आली आणि चुलीपाशी तोंडात पदराचा बोळा कोंबून उकिडवी बसली. नंतर उठून तिने उरलेली कटलेटं बशीत घातली.

त्यानंतर ती रोज करू लागली. बाजारातून आली की हात धुवायचे, पीठ शिजवायचं, निवायला ठेवायचं. कधी त्यात किसलेला नारळ, कधी कांद्याची पात. सुगंधाच्या पायांची सूज उतरायला लागली. ती विहिरीपर्यंत चालत जाऊ लागली. अंगण झाडायला बसू लागली. शेजारणी हिराला म्हणत, म्हातारीला ओढून आणलीस गो. हिरा हसायची. गळ्यात मंगळसूत्र होतं, कपाळाला कुंकू होतं, आणि रोज सकाळी आरशासमोर ते लावताना तिला आपण दुसऱ्याच्या घरात शिरून काहीतरी उचलतो आहोत असं वाटायचं. ज्याला अग्नी देऊन महिने झाले त्याच्या नावाने ती कुंकू लावत होती. त्याचं दहावं नाही, बारावं नाही. तो कुठल्या परक्या गावात, परकी भाषा बोलणाऱ्या माणसांच्या हातून गेला, आणि इथे त्याची बायको कटलेटं तळत होती. भरल्या बाजारात मध्येच तिला सगळं असह्य व्हायचं. ती पाटीवरचं फडकं उगाच नीट करत बसायची.

सासू जितकी सुधारत गेली तितकं सांगणं कठीण होत गेलं. अशक्त होती तेव्हा मरेल म्हणून सांगितलं नाही. आता जगायला लागली आहे, तर कुठल्या तोंडाने सांगायचं?

एका दुपारी धोंडू पुन्हा परसातून आला. आता थांबता येणार नाही, म्हणाला. पोलिसांनी परत निरोप पाठवला होता, आणि तो फोटो गावातल्या पोरांच्या फोनवरही पोचला होता. आज ना उद्या ओटीवर येऊन कोणीतरी बोलून जाईल. त्यापेक्षा वयनी, तुम्हीच सांगा.

हिराने ठरवलं, सांगायचं. पण आधी तिला जेवू दे. तिने त्या दिवशी पीठ नेहमीपेक्षा जास्त वेळ घोटलं, आलं जास्त घातलं, वड्या पातळ पाडल्या, मंद आचेवर दोन्ही बाजूंनी खमंग केल्या. बशी घेऊन ओटीवर गेली आणि या खेपेला आत न जाता समोर बसली.

सुगंधाने एक कटलेट अर्धं खाल्लं. उरलेलं बशीत ठेवलं. बोटं पदराला पुसली.

"धोंडू काय सांगून गेलो, ता सांग आता," ती म्हणाली.

हिराने बशी उगाच तिच्याकडे सरकवली.

"तो माझ्याजवळ बसल्याशिवाय कधी गेलो नाय," सुगंधा म्हणाली. "आता परसातसून येता, परसातसून जाता. माझ्याकडे बघणा नाय. खंय गावलो सुदेश?"

"कारवाराच्या खाली," हिरा म्हणाली. "थयल्यांनीच अग्नी दिल्यानी, आये. माका कळान लय दिवस झाले. मी बोलाक नाय."

सुगंधा समोर बघत राहिली. मग म्हणाली, "अग्नी दिल्यानी. बरा केल्यानी. देव तेंचा बरा करो."

"तुमचो नवस फुकट गेलो, आये."

"नवस खंयचो गो?" सुगंधा म्हणाली. "तेचो बापूस दर्यात गेलो. माझो भाव गेलो. दर्या कोणाक परत दिता आणि कोणाक नाय, ता माका दुसऱ्यान सांगूक नको. वारो फिरलो त्याच दिसा माका समाजला."

हिराला काही कळेना. "मगे देवळात जावन बोललास कित्याक?"

सुगंधा हाताने गुडघा चोळत राहिली.

"तो गेलो आणि तिसऱ्या-चवथ्या दिसा कोणीतरी बांगड्याचा कालवण आणून दिल्यान. पानात घेतलंय आणि माझ्या मनात इला, ह्यो त्याच दर्यातलो. ह्येणा माझ्या झिलाक..." वाक्य तिने तिथेच सोडलं. "घास गिळवना. ता मी तुज्याकडे बोललंय असतंय, तर दुसऱ्या दिसा तू पाटी डोक्यार घेतलं असतंस? तुजो धंदो तो. तेच्यारच आपण दोघी. नवस म्हटला की कोण कायएक इचारणा नाय. म्हणान नवस."

"पण दूध? अंडा?"

"एकलो मासोच सोडलंय असतंय, तर तुका समाजला नसता?"

समुद्राकडून वारा येत होता. हिरा जमिनीकडे बघत बसली. महिनोन् महिने ही बाई उपाशी राहिली, सुकत गेली, ते तिला वाटलं होतं मुलासाठी. ते हिरासाठी होतं. तिच्या हाताला मासळीची किळस येऊ नये म्हणून.

"मराचा नव्हता माका," सुगंधा म्हणाली. "पण दुसरा काय खावक जमणा नाय होता. तू त्या पिठाच्या मागे लागलंस, म्हणान वाचलंय. पयली कटलेटा मात्र खरीच वायट केलं हुतंस."

हिराच्या तोंडून हसण्यासारखा आवाज निघाला आणि त्याच आवाजाचं रडं झालं. विहिरीपाशी आलं नव्हतं ते रडं. सुगंधाने तिला जवळ ओढली आणि मग तीही रडली. अर्धं कटलेट बशीत तसंच राहिलं. त्याला मुंग्या लागल्या.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. हिराने पोलिसांत जाऊन जबाब दिला. भटजींनी प्रेताच्या जागी दर्भाचा पुतळा केला, धोंडूने त्याला अग्नी दिला. मंगळसूत्र उतरलं. अजय मालवणहून आला, दहावं-बारावं होईपर्यंत राहिला, आणि या वेळी त्याने सरळ विचारलं. हिरा म्हणाली, आये इथे आहे. तो एकटाच परत गेला.

दिवस संपल्यावर हिरा पुन्हा जेट्टीवर गेली. लिलावात बांगडे घेतले, पाटी रिक्षात टाकली, बाजारात आपल्या जागी बसली. पहिल्या गिऱ्हाइकाने विचारलं, ताजे आहेत का? हिराने दाखवायला पाटीत हात घातला, आणि तो तिथेच थांबला. बांगड्याचा उघडा डोळा तिच्याकडे बघत होता. सुगंधाने जे वाक्य अर्ध्यावर सोडलं होतं, ते तिच्या मनाने पुरं केलं. तिने हात बाहेर काढला. गिऱ्हाईक थोडा वेळ वाट बघून पुढच्या बाईकडे गेलं. दुपारी बर्फाचं पाणी झालेली पाटी तिने शेजारच्या कोळणीपुढे ओतली आणि घरी आली. दुसऱ्या दिवशीही तेच. घरी आल्यावर ती हात धूत राहिली, बराच वेळ.

सुगंधा सगळं बघत होती. "मी तोंड उघडूक नको होता," एवढंच म्हणाली.

पुढच्या दिवशी सकाळी हिरा निघायला उठली, तर सुगंधा अंगणात तयार होती. लुगडं नेसलेली, पायात चपला. कुठे, असं हिराने विचारलं. सुगंधा वाटेला लागलीसुद्धा. जेट्टीवर ती रिक्षातच बसून राहिली, समुद्राकडे पाठ करून. बाजारात मात्र उतरली, हिराच्या बाजूला गोणपाट पसरून बसली, आणि पदराचं टोक नाकावर घट्ट दाबून धरलं. येणारीजाणारी माणसं बघत होती. हिराच्या आधी ती जागा सुगंधाचीच होती; एवढ्या वर्षांनी तिला तिथे बसलेली बघून एक-दोन जुन्या कोळणी जवळ आल्या, पण तिचा चेहरा बघून मागे सरल्या.

कापडी पिशवी घेतलेली एक बाई पाटीपुढे वाकली. तिने बांगडे बघितले, आणि साफ करून द्या म्हणाली. हिराने विळी पुढे ओढली. पाटीकडे हात नेला. तो काठावरच अडला.

"सर वायच," सुगंधा म्हणाली.

विळीवर पाय टाकून बसायला तिला वेळ लागला. नाकावरचा पदर तिने तसाच धरला होता, आणि दुसऱ्या हाताने पाटीतला बांगडा शेपटीला धरून उचलला. मासा एका हाताने कापता येत नाही. ती क्षणभर तशीच थांबली. मग पदर सोडला. तो खांद्यावरून खाली घसरला.

"कालवणाक की तळूक?" तिने विचारलं.

"तळायला," ती बाई म्हणाली.

सुगंधाने डोकं उडवलं, कल्ले काढले, पोट साफ केलं, दोन्ही अंगांना तिरके चिरे पाडले. जुना हात होता, अडखळला नाही. तिच्या नाकाच्या कडेने पाणी वाहत होतं, ते तिने मनगटाने पुसलं. सगळे बांगडे झाल्यावर बाईच्या पिशवीत घातले आणि मान वर करून मागे उभ्या असलेल्या माणसाला म्हणाली, "तुमका काय होया?"